पाळकाचे पोट कशावर? विल्यम कॅरीच्या कमाईची हकिकत

आमच्या मिरजेत पंपाच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करून देणारे एक गृहस्थ आहेत. सहा दिवस दुकानात तांब्याची तार आणि वॉर्निशचा वास; रविवारी सकाळी एका छोट्या मंडळीत उपदेश. ते तिथले पाळक आहेत. मी हिशेबनीस. त्यांच्या दुकानाची कागदपत्रे माझ्याकडे असतात, त्यामुळे बोलणे होते. गेल्या मार्चमध्ये ते जरा खिन्न होते. मंडळीतल्या काही जणांनी तोंडावर सांगितले होते, "आम्हाला पूर्णवेळ पाळक हवा, मिस्त्री नको." पूर्णवेळ पाळकाला पगार किती द्यायचा, हे मात्र कोणी बोलले नव्हते.

त्यांनी मला विचारले, "तुम्ही जुने वाचता. असे पूर्वी कोणी केले आहे का? आणि त्याचे पुढे काय झाले?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिथल्या तिथे देता आले. दुसऱ्यासाठी मला सुट्टीचे बरेच रविवार घालावे लागले. त्याचेच फलित म्हणजे हा लेख.

करिंथचा तंबूवाला

या प्रकाराला ख्रिस्ती जगात तंबू शिवण्यावरून नाव पडले आहे. त्याचे मूळ 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात आहे. पौल करिंथला आला, अक्विला आणि प्रिस्किल्ला या दांपत्याकडे राहिला आणि त्यांच्याबरोबर तंबू करू लागला, कारण तिघांचा धंदा एकच होता. पौल किलिकिया प्रांतातल्या तार्सचा. तिथले बकऱ्याच्या केसांचे जाड कापड प्रसिद्ध होते.

करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात हाच पौल बरोबर उलटा युक्तिवाद सविस्तर करतो. वेदीची सेवा करणाऱ्याचे पोट वेदीवर चालले पाहिजे, तो त्याचा हक्कच आहे, असे तो सांगतो. आणि शेवटी म्हणतो की हा हक्क मी वापरलेला नाही. दुसरीकडे फिलिप्पै गावच्या मंडळीने पाठवलेली मदत त्याने आनंदाने घेतली होती. म्हणजे पगार घेणे पाप आणि हाताने कमावणे पुण्य, अशी सरळ वाटणी पौलाकडे नाही. कोणाकडून घेतले तर आपले बोलणे मोकळे राहील आणि कोणाकडून घेतले तर बांधले जाईल, एवढेच तो पाहत होता.

आपल्याला हा विचार परका वाटायचे कारण नाही. गोरोबा मडकी घडवत होते, सावतोबा मळा राखत होते, सेना महाराज न्हाव्याचे काम करत होते, रोहिदास जोडे शिवत होते. कीर्तनाची बिदागी घेऊ नये हा वारकऱ्यांचा जुना दंडक आहे. पण संतांच्या धंद्याचे हिशेब आपल्यापर्यंत आलेले नाहीत. ज्याचे आले आहेत असा एक माणूस आहे, आणि मराठी भाषा त्याची देणेकरी आहे.

जोडे, शाळा आणि वर्षाचे पंधरा पौंड

विल्यम कॅरीचा जन्म १७६१ सालचा, इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशायरमधला. वडील आधी विणकर, मग गावच्या शाळेचे मास्तर. पोराने मोच्याकडे उमेदवारी केली. मोल्टन या खेड्यातल्या बॅप्टिस्ट मंडळीचा तो पाळक झाला, तेव्हा वर्षाकाठी मिळकत पंधरा पौंडांच्या आसपास. त्यात संसार भागेना. मग तो शाळा चालवी, जोडे शिवी आणि रविवारी उपदेश करी. कामाच्या जागी भिंतीवर त्याने हाताने काढलेला जगाचा नकाशा होता.

१७९२ मध्ये त्याने परदेशी धर्मप्रसाराची निकड सांगणारे एक पुस्तक लिहिले. त्यात खर्चाचा विचारही केलेला आहे. जाणाऱ्यांनी थोडी जमीन कसावी, गाई आणि शेतीची अवजारे बरोबर न्यावीत, म्हणजे मागे राहिलेल्यांवर ओझे पडणार नाही, असे त्यात सुचवले आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केटरिंग गावी मिशनरी सोसायटी स्थापन झाली. पहिल्या बैठकीत जमलेली वर्गणी होती १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स. एवढ्या पैशात बंगालचा प्रपंच चालणार नव्हता, हे कॅरीइतके कोणाला कळणार?

निळीच्या कारखान्याची पाच वर्षे

१७९३ च्या नोव्हेंबरात तो बायकामुलांसह कलकत्त्याला उतरला. जवळचा पैसा थोड्याच दिवसांत संपला. १७९४ मध्ये जॉर्ज उडनी नावाच्या इंग्रजाने माल्दाकडच्या मदनाबाटी इथल्या निळीच्या कारखान्यावर त्याला व्यवस्थापक म्हणून घेतले. पगार महिना २०० रुपये. निळीचे खरे काम पावसाळ्याच्या सुमारास काही महिन्यांचे. बाकी वर्ष बऱ्यापैकी मोकळे. त्या मोकळ्या महिन्यांत त्याने बंगाली आणि संस्कृत शिकून घेतले आणि नव्या कराराचा बंगाली मसुदा तयार केला.

नोकरी लागताच त्याने इंग्लंडला कळवले की आता मला तुमच्या पैशांची गरज नाही, ते दुसऱ्या कोणाला पाठवण्यासाठी वापरा. उत्तरादाखल शाबासकी येईल असे त्याला वाटले असावे. आली ती ताकीद. व्यापाराच्या नादात मिशनरी बुडून जाऊ नये, अशी काळजी सोसायटीच्या मंडळींनी कळवली. कॅरी दुखावला. त्याच वर्षी त्याचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आजाराने गेला होता आणि पत्नी डोरोथीचे मन त्यानंतर कधी ताळ्यावर आले नाही. हे वाचताना मला आमच्या रिवाइंडिंगवाल्यांचा चेहरा आठवत होता.

तरी सोसायटीची शंका अगदीच पोकळ नव्हती. कारखान्यावरचे मजूर कॅरीचा उपदेश ऐकत. पण ते उपदेशकाचे ऐकत होते की पगार देणाऱ्या साहेबाचे? मदनाबाटीच्या साऱ्या वर्षांत एकाही बंगाली माणसाने बाप्तिस्मा घेतला नाही. पहिला बाप्तिस्मा झाला तो १८०० च्या डिसेंबरात, श्रीरामपूरला, कृष्ण पाल नावाच्या सुताराचा. तो कॅरीच्या नोकरीत नव्हता. एवढ्यावरून सिद्धांत मांडता येणार नाही, पण नोंद घ्यावी अशी ही गोष्ट आहे. शिवाय नीळ म्हणजे कसला धंदा, हे १८५९ मध्ये बंगालच्या शेतकऱ्यांनी उठाव करून सगळ्यांना दाखवून दिले. तेव्हा कॅरी हयात नव्हता, पण धंदा तोच होता.

श्रीरामपूरची एक तिजोरी

उडनीला तोटा आला, कारखाना बंद पडला. १८०० च्या जानेवारीत कॅरी हुगळीकाठच्या श्रीरामपूरला आला. आपल्या नगर जिल्ह्यातले श्रीरामपूर नव्हे. कलकत्त्याच्या वरच्या अंगाला असलेले, तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यातले गाव. कंपनी सरकारला मिशनरी नको होते. डॅनिश गव्हर्नरने त्यांना आसरा दिला. तिथे कॅरीला दोन जोडीदार मिळाले : शाळामास्तर जोशुआ मार्शमन आणि मुद्रक विल्यम वॉर्ड. मार्शमन आणि त्याची पत्नी हॅना यांनी युरोपियन मुलांसाठी वसतिशाळा काढली, वॉर्डने छापखाना चालवला. १८०१ मध्ये कॅरीला कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली शिकवायची नोकरी लागली. पगार महिना ५००. तो सरकारी चर्चचा नसल्याने त्याला सुरुवातीला 'प्राध्यापक' म्हणत नसत, नुसते 'शिक्षक'. १८०७ मध्ये प्राध्यापकपद मिळाले आणि पगार १००० झाला.

तीन धंदे, तीन मिळकती, पण तिजोरी एक. सगळी कमाई त्या तिजोरीत जमा व्हायची आणि प्रत्येक कुटुंबाला ठरलेला लहानसा भत्ता मिळायचा. कॅरीला कपड्यांसाठी थोडे जास्त, कारण त्याला कॉलेजात आणि गव्हर्नरच्या वाड्यावर जावे लागे. १८०५ मध्ये त्यांनी आपसांत लेखी करार केला. कोणी खासगी धंदा करायचा नाही, स्वतःसाठी किंवा मुलांसाठी कवडी साठवायची नाही, असे त्यात ठरले. हिशेबनीस म्हणून मला या करारातले शहाणपण दिसते. माणूस चांगला असण्यावर त्यांनी भिस्त ठेवली नाही, नियम कागदावर आणला.

मराठीच्या पदरात काय पडले

कॅरीच्या शिकवण्याच्या विषयांत पुढे मराठीची भर पडली. त्याने वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८०५ मध्ये मराठीचे इंग्रजी व्याकरण छापले. १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश आला. त्यातले मराठी शब्द मोडीच्या खिळ्यांनी छापले होते. १८१४ मध्ये 'सिंहासनबत्तिशी' निघाली. पेशवाई अजून उभी होती आणि पुण्यात छापखाना नव्हता, तेव्हा मराठी पुस्तके बंगालमध्ये छापली जात होती. छापील मराठीच्या कोणत्याही इतिहासात हे प्रकरण सुरुवातीलाच येते.

पण ते कशाच्या जोरावर झाले, हे सहसा लिहिले जात नाही. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना मराठी शिकवायची होती म्हणून कॉलेजने पंडित नेमले आणि कॅरीला पगार दिला. त्या पगारातून छापखान्याला बळ मिळाले. त्याच छापखान्यातून शुभवर्तमाने निघाली आणि बत्तिशीही निघाली. केवळ वर्गणीवर जगणाऱ्या पाळकाने बत्तिशी छापली असती, तर वर्गणीदारांनी जाब विचारला असता. स्वतःच्या कमाईने त्याला जी मोकळीक दिली, तिचा एक तुकडा आपल्या वाट्याला आला.

नवा धनी

मोकळीक मिळाली, पण तिलाही कुंपण होते. सोसायटीच्या पैशातून सुटलेला कॅरी कंपनीच्या पैशात अडकला. १८०६ मध्ये वेल्लोरला शिपायांचे बंड झाल्यावर सरकारने मिशनऱ्यांना उपदेश आवरायला सांगितले. पुढच्याच वर्षी श्रीरामपूरला छापलेल्या एका फारसी पुस्तिकेत इस्लामविषयी प्रक्षोभक मजकूर निघाला. छापखाना कलकत्त्याला आमच्या नजरेखाली आणा, असा हुकूम सुटला. गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटो यांना भेटून, चूक कबूल करून, पुढचे छापील साहित्य सरकारला दाखवण्याचे मान्य करून प्रकरण मिटले. त्या भेटीला गेलेला कॅरी हा मिशनरी होता आणि सरकारचा पगारी प्राध्यापकही होता. त्या नोकरीमुळे त्याला दार उघडले गेले, आणि त्याच नोकरीमुळे त्याला आवाज खाली ठेवावा लागला. दोन्ही खरे आहे.

ही इमारत कोणाची?

सगळ्यात कडू भांडण झाले ते मात्र आपल्याच लोकांशी. १८१५ मध्ये सोसायटीचे जुने चिटणीस अँड्र्यू फुलर वारले. नव्या कारभाऱ्यांनी विचारले, श्रीरामपूरच्या जमिनी आणि इमारती कोणाच्या मालकीच्या? तिघांचे म्हणणे, आम्ही कमावलेल्या पैशातून घेतल्या, मिशनसाठीच आहेत, पण कारभार आमच्याकडे राहील. हे लोक गबर झाले आहेत, असे आरोप झाले. नव्याने आलेल्या तरुण मिशनऱ्यांनी कलकत्त्यात वेगळी चूल मांडली. १८२७ मध्ये श्रीरामपूर आणि सोसायटी रीतसर वेगळे झाले.

आणि मग पैसाच आटला. १८३० मध्ये कॉलेजातली प्राध्यापकपदे रद्द झाली, कॅरीला निम्म्या रकमेचे पेन्शन उरले. त्याच सुमारास कलकत्त्याच्या मोठमोठ्या व्यापारी पेढ्या एकामागून एक बुडाल्या आणि तिथे ठेवलेला मिशनचा पैसाही गेला. शेवटी वर्गणीसाठी पुन्हा इंग्लंडकडे तोंड वळवावे लागले. ९ जून १८३४ रोजी कॅरी वारला. मृत्युपत्रात त्याने श्रीरामपूरच्या मालमत्तेवर आपला काडीचा हक्क नसल्याचे लिहिले आहे. मुलगा जाबेझ याला १५०० रुपये देता यावेत म्हणून आपली पुस्तके विकावीत, असेही त्यात आहे. आयुष्यभरात लाखांचा हिशेब हाताळलेल्या माणसाचे हे मृत्युपत्र आहे. गबर झाल्याच्या आरोपाला याहून वेगळे उत्तर लागत नाही. पण ते उत्तर यायला तो मरावा लागला.

नगरचा कवी

आपल्याकडचे एक उदाहरण याच्या शेजारी ठेवतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या पगारावर होते. १९१७ मध्ये त्यांनी तो पगार सोडला, साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यांना ख्रिस्ताचे नाव भारतीय माणसाच्या पद्धतीने, परक्या संस्थेचा नोकर न राहता सांगायचे होते. कॅरी धंद्याच्या मार्गाने पगारातून सुटला, टिळक संन्यासाच्या मार्गाने. दोघांनाही सलत होती ती एकच गोष्ट : बोलणारा मी, पण पैसे देणारा दुसरा.

आमच्या पाळकांना मी हे सगळे सांगितले तेव्हा त्यांनी हिशेबनीसाला साजेसा सल्ला मागितला. मी म्हटले, मिस्त्रीकाम केल्याने पाळकपण कमी होत नाही, याला पौलापासूनचा आधार आहे. पण तीन गोष्टी लिहून ठेवा. आठवड्यातले कोणते तास मंडळीचे, ते. दुकानातला किती पैसा मंडळीच्या कामात गेला आणि त्यावर पुढे कोणाचा हक्क, ते. आणि मंडळीतला कोणी तुमच्या दुकानात कामाला असेल, तर त्याच्याशी रविवारी कसे वागायचे, ते. कॅरीने यातल्या पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी लिहिल्या होत्या. तरीही मालमत्तेचा वाद झाला, कारण लिहिलेले तिघांच्या आपसातले होते. इंग्लंडच्या वर्गणीदारांची त्यावर सही नव्हती.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे वही मंडळीपुढे उघडायला हवी." येत्या जानेवारीच्या वार्षिक सभेत ते ती उघडणार आहेत. दुकानाचे ताळेबंद मीच तयार करून देतो आहे, आणि या कामाचे पैसे घ्यायचे की नाही, यावर आमचा दोघांचा अजून वाद चालू आहे.