परीक्षकांची परीक्षा

वसईच्या शाळेत मी उत्तरपत्रिका तपासल्या, त्या नमुना-उत्तरे पुढे ठेवून. त्यात न बसणारा एखादा चांगला निबंधही माझ्या लाल पेन्सिलीखाली आला, ही खंत आजही आहे. मग जिथे नमुना-उत्तरच नाही, तिथे परीक्षक कसा असावा?

२०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ हा मराठी चित्रपट स्पर्धेत होता. ख्यालगायकी शिकणाऱ्या मुंबईच्या तरुणाची ती कथा. परीक्षकमंडळातील पाच जण युरोपीय होते. ऑस्ट्रियाच्या व्हेरोनिका फ्रान्त्स आधी वृत्तपत्रात लिहीत, पुढे त्या पटकथालेखिका व दिग्दर्शिका झाल्या. इंग्लंडच्या जोआना हॉग यांनी अनेक वर्षे दूरचित्रवाणीच्या मालिका दिग्दर्शित केल्या. त्यांचा पहिला चित्रपट आला २००७ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी. इटलीचे निकोला लाजोया कादंबरीकार, जर्मनीचे क्रिस्टियान पेट्झोल्ड दिग्दर्शक, तर फ्रान्सच्या ल्युडिविन सान्ये अभिनेत्री.

रागदारी यांपैकी कोणाचाच व्यवसाय नव्हे. तरीही मंडळाने पटकथेचे पारितोषिक याच चित्रपटास दिले. साधना करूनही सिद्धी हुलकावणी देते, हे दुःख ओळखण्यास स्वरज्ञान लागत नाही. कोणत्या तरी कलेत स्वतः झिजलेले असावे लागते. गुण देणाऱ्याची खरी पात्रता, मला वाटते, हीच होय.