वीस अक्षरांत मावलेला नायक

गोष्ट वाचता वाचता झोप आली, तर तुम्ही पानात खूण घालून पुस्तक मिटता. पण वीज बंद होताच सारे विसरणाऱ्या यंत्रात खूण कोठे घालणार?

मे 1986 मध्ये जपानात 'ड्रॅगन क्वेस्ट' हा व्हिडिओ खेळ आला, तेव्हा त्याच्या कर्त्यांपुढे नेमका हाच प्रश्न होता. युजी होरी यांनी रचलेली ही लांबलचक साहसकथा. खेळणारा स्वतःच तिचा नायक. एका बैठकीत ती संपणे अशक्य, आणि यंत्राची स्मृती तर विद्युतप्रवाहावर जगणारी.

त्यांनी काढलेली तोड पाहा. खेळ थांबवताना राजा नायकाला वीस जपानी अक्षरांचा एक मंत्र सांगे. तो वहीत उतरवायचा आणि पुढच्या वेळी यंत्रात भरायचा, की नायक पुन्हा हजर! यात जादू किती, गणित किती? मंत्रासाठी 64 अक्षरे वापरली होती. 64 म्हणजे 2 चा सहावा घात. म्हणजे प्रत्येक अक्षरात 6 बिटे, म्हणजेच 0 किंवा 1 असे सहा द्विमान अंक, मावतात. वीस अक्षरांत झाली 120. त्यांतली 16 अनुभवाच्या गुणांना, 16 सोन्याच्या नाण्यांना, 24 नायकाच्या चार अक्षरी नावाला, उरलेली बहुतेक शस्त्रे आणि इतर सामानाला. नायकाच्या ताकदीला मात्र एकही नाही! ती अनुभवावरून (आणि, गंमत म्हणजे, नावावरूनही) पुन्हा मोजता येते. मग साठवायची कशाला? मला विचाराल तर साऱ्या रचनेत हीच युक्ती सर्वांत सुरेख.

आठ बिटे पडताळणीसाठी राखलेली होती. मंत्र उतरवताना चूक झाली, की पडताळा जुळत नसे आणि यंत्र मंत्र नाकारी. जपानी 'नु' आणि 'मे' तर आपल्या 'घ' आणि 'ध' सारखी फसवी अक्षरे. अंधूक पडद्यावरून एक चुकले, की कित्येक दिवसांची मेहनत पाण्यात. 1987 च्या दुसऱ्या भागात नायक तीन झाले आणि मंत्र लांबत लांबत 52 अक्षरांपर्यंत गेला. त्या मुलांची मला खरोखर कीव येते.

1988 च्या तिसऱ्या भागात खेळाच्या कार्ट्रिजमध्येच एक लहानशी बॅटरी बसवली. यंत्र बंद असतानाही ती स्मृतीला प्रवाह पुरवी. मंत्र गेला, वही सुटली. (बॅटरी संपली की नोंदीही जात, हे ओघाने आलेच.)

पण याच भागात कथेने वहीची पुन्हा आठवण करून दिली. पहिल्या भागातला नायक हा प्राचीन वीर रोतो याचा वंशज होता. तिसऱ्या भागातला नायक बराच प्रवास करून एका खोल विवरातून खाली उतरतो. तेथे काळोखात बुडालेला एक प्रदेश आहे. त्याचे नाव आलेफगार्ड. पहिल्या भागाची सारी कथा घडली तीच ही भूमी! संगीतही तेच. 1986 साली वहीत काढलेला नकाशा येथे बऱ्याच अंशी लागू पडतो. शेवटी राजा नायकाला 'रोतो' ही पदवी देतो, तेव्हा खेळणाऱ्याला कळते, की ज्या पूर्वजाचे नाव आपण दोन वर्षांपूर्वी ऐकले होते, तो आपणच.

हा दुवा जुळायला कार्ट्रिजमधले एक बिटही खर्ची पडले नव्हते. पहिला भाग खेळलेल्या मुलांच्या डोक्यात तो आधीच साठवलेला होता.