सोयाबीनची घाई

सप्टेंबर संपता संपता धारच्या बदनावरपासून देवासच्या सोनकच्छपर्यंत सोयाबीन पिवळं पडतं आणि कापायला माणूस मिळेनासा होतो. युद्ध नाही, गावातली तरणी पोरं आघाडीवर गेलेली नाहीत. तरी मजुरांची ओढाताण युद्धकाळासारखीच. १९७०च्या दशकापासून सोयाबीन माळव्यात पसरलं आणि खरिपात बहुतेक शेतं त्याचीच झाली. सगळ्यांचं पीक एकाच सुमारास कापणीला येतं.

थांबायची सोय नसते. ‘जेएस ९५-६०’सारखं वाण ८०-८५ दिवसांत तयार होतं, तेव्हा पाऊस पुरता गेलेला नसतो. भिजलं तर शेंगेतच कोंब फुटतात. ऊन तापलं तर शेंगा तडकून दाणा मातीत सांडतो. कंबाइन हार्वेस्टर आहेत, पण ओल्या काळ्या रानात ते रुततात.

मग विळाच.

गंधवानी, कुक्षीकडून भिल्ल-भिलाला कुटुंबं पिकअपमध्ये बसून वर माळव्याच्या पठारावर येतात. त्यांच्यातच असतात कॉलेजची पोरंपोरी. कापणी उजाडताच सुरू होते. दवाने शेंग नरम असते, तडकत नाही. डाव्या हातात मूठभर झाडं धरायची, विळा जमिनीलगत ओढायचा, ढीग मागे टाकून पुढे सरकायचं. वाळलेल्या शेंगेचं टोक बोटांत घुसतं, म्हणून बी.ए.ला असलेली पोरगी जुने पायमोजे हातांत चढवते आणि सलवार-कुडत्यावर भावाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते. कापलेले खुंट चपलेतून पायाला लागतात, त्यावर मोज्यांचा उपाय चालत नाही. काम बिघ्यावर उक्तं घेतलेलं; जितके हात जास्त, तितकं रान लवकर मोकळं आणि दुसरं हाताशी. परीक्षेचा फॉर्म, खोलीचं भाडं यातूनच निघतं.

मजुरांच्या अशाच ओढाताणीत दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने विद्यार्थ्यांची कापणी-शिबिरं भरवली. १९४२मध्ये बारा वर्षांवरच्या मुलांना शेतकामासाठी वर्षाला २० अर्धे दिवस शाळा बुडवायची मुभाही दिली. भारतात बालमजुरी कायद्याच्या २०१६च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला मजुरीवर लावता येत नाही. घरच्या कामात मदत चालते, तीही शाळा सांभाळून. पण सगळं कुटुंबच उक्त्यावर आलेलं असलं की धाकटी भावंडं बांधावर बसून राहत नाहीत, ढीग उचलू लागतात. कॉलेजवाल्यांना कायद्याची आडकाठी नाही, तशी कापणीची रजाही नाही. हजेरीपटावर ते गैरहजर.