शेअर घेतले खरे, पण...

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुंबईचा शेअरबाजार एरवी बंद असतो, पण मुहूर्तापुरता तासभर उघडतो. ही चाल 1957 पासूनची. त्या तासात पेढीवाले शकुनाचे चार शेअर घेतात आणि हल्ली आपली नोकरदार मंडळीही चकलीचा हात पुसून मोबाइलवर बोट दाबतात. शेअर घेणे आता पानपट्टी घेण्याइतके सोपे झाले आहे. प्रश्न सुरू होतात ते घेतल्यानंतर, आणि त्यांतला पहिला हटकून असा असतो : ‘माझा शेअर पडला आहे. तो पुन्हा वर येईल का?’

या प्रश्नाला मुंबईत दीडशे वर्षांचा इतिहास आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सारे शहर शेअरांच्या नादी लागले. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर 2,850 रुपयांवर चढला होता. युद्ध संपले आणि तोच शेअर 87 रुपयांना विकावा लागला. ‘येईल पुन्हा’ म्हणून जे थांबले त्यांचे काय झाले? 1868 साली ती बँकच मोडीत निघाली. अलीकडचे उदाहरण सत्यम कंपनीचे. 7 जानेवारी 2009 रोजी तिच्या अध्यक्षांनी हिशेबातली लबाडी स्वतःच कबूल केली आणि त्या एका दिवसात शेअरची तीन चतुर्थांशांहून अधिक किंमत उडाली.

तेव्हा एकेकटा शेअर परत येईलच असे कोणी छातीठोक सांगत असेल, तर त्याच्या हाती स्वतःचे पैसे देऊ नयेत. ‘पण सेन्सेक्स तर प्रत्येक वेळी वर आला!’ असे यावर उत्तर मिळते. आला खरा; पण कसा आला हे पाहिले पाहिजे. 1986 च्या जानेवारीत सेन्सेक्स प्रथम प्रसिद्ध झाला तेव्हा त्याच्या तीस नावांत प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती, हिंदुस्थान मोटर्स होती. पद्मिनी आणि अँबॅसडर या गाड्यांसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, मग त्या कंपन्यांना मरण कुठले, असे कोणालाही वाटले असते. आज ती दोन्ही नावे यादीत नाहीत, आणि पहिल्या तिसांपैकी बहुतेक गळली आहेत. निर्देशांक थकलेला बैल सोडून नवा जुंपतो, म्हणून गाडी चालते. आपण मात्र तोच बैल दावणीला बांधून ‘उठेल, उठेल’ म्हणत चारा घालीत बसतो. भाव पडला की आणखी घ्यायचे आणि त्याला ‘सरासरी खाली आणणे’ म्हणायचे, हाच तो चारा.

बरे, बाजारच्या बाजार वर येतो म्हणावे, तरी तो आपल्या सवडीने येतो. एप्रिल 1992 मध्ये हर्षद मेहताच्या काळात सेन्सेक्स 4,467 पर्यंत गेला होता. अकरा वर्षांनी, 2003 च्या एप्रिलमध्ये, तो तीन हजारांच्या आसपास होता. जपानची कथा तर याहून मोठी. टोकियोच्या बाजाराचा निक्केई निर्देशांक डिसेंबर 1989 अखेर 38,915 वर होता. तो आकडा पुन्हा ओलांडायला 22 फेब्रुवारी 2024 उजाडावा लागला. चौतीस वर्षे! तिशीतला गुंतवणूकदार तोवर पेन्शनीत निघाला.

म्हणून ‘बाजार कधी वर येईल?’ यापेक्षा ‘मला पैसे कधी लागतील?’ हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. दुर्दैवाने तो कोणी विचारीत नाही. समजा, दोघा शिक्षकांनी 2008 च्या जानेवारीत, बाजार 20,873 वर असताना, निर्देशांकातल्या शेअरांत वीस-वीस लाख रुपये घातले. एकाच्या मुलीचे लग्न पुढच्या वर्षी होते. 9 मार्च 2009 रोजी सेन्सेक्स 8,160 वर आला आणि त्याला विकावे लागले. हातात आठ लाखसुद्धा पडले नाहीत. दुसऱ्याला घाई नव्हती. 5 नोव्हेंबर 2010 च्या लक्ष्मीपूजनाला मुहूर्ताच्या सौद्यांत सेन्सेक्स 21,000 च्या वर बंद झाला, आणि त्याचे वीस लाख पुन्हा वीस लाख झाले. मधला लाभांश वेगळा. शेअर तेच, भाव तोच, खरेदीचा दिवसही तोच. पहिल्याची अक्कल कमी नव्हती. त्याच्या पैशाला तारीख होती, एवढेच.

येत्या पाच वर्षांत ज्या पैशाला अशी तारीख आहे, म्हणजे फी, लग्न, घराची दुरुस्ती, शस्त्रक्रिया, तो मुळातच शेअरबाजारात नसावा. तो बँकेत किंवा पोस्टात असावा, मग व्याज कमी का मिळेना. निवृत्त माणसाने तर चार-पाच वर्षांचा घरखर्च असा बाजूला काढल्याशिवाय शेअरांचे नाव काढू नये. उरलेल्यातून किती घालावेत, याला ठराविक उत्तर नाही. घातलेले निम्मे झाले तरी रात्री झोप लागेल, तितके घालावेत.

एकदा हे प्रमाण ठरले की ‘केव्हा विकू?’ या प्रश्नाचे ओझे निम्मे उतरते. शेअरांत पन्नास आणि ठेवींत पन्नास असे ठरवले होते, आणि वर्षाने पाहतो तो शेअरांचे सत्तर झाले. तर दहा विकून ते ठेवीत टाकावेत, म्हणजे दोन्हीकडे साठ-साठ. उलट झाले तर ठेवीतून शेअरांत घालावेत. व्यापारी दिवाळीत वहीपूजन करतात, त्या दिवशी हा हिशेब वर्षातून एकदा मांडला की पुरे. इतर दिवशी भाव पाहिला नाही तर काही बिघडत नाही. कर मात्र ध्यानात ठेवावा. वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या शेअरांवर सालाच्या सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यास कर नाही आणि त्यापुढे साडेबारा टक्के, असे 23 जुलै 2024 रोजी ठरले.

‘घेतल्या भावाला आला की काढून टाकतो’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आपण कितीला घेतला हे बाजाराला ठाऊक नसते आणि त्याला त्याचे सोयरसुतकही नसते. आज हातात शेअर नसून तेवढी रोकड असती, तर हाच शेअर आजच्या भावाने घेतला असता का, असे स्वतःला विचारावे. उत्तर ‘नाही’ आले तर तो उद्या विकण्यात काय हशील?

कंपन्या किती असाव्यात? दोन-तीन फार थोड्या. चाळीस घेतल्या तर त्यांचे ताळेबंद वाचायला वेगळा कारकून ठेवावा लागेल. ज्याला वाचायची हौस नाही त्याने निर्देशांकाचा एखादा म्युच्युअल फंड घ्यावा. पण एकाच जातीचे सहा घेऊन ‘मी जोखीम वाटली’ असे समजू नये. सहाही पुड्यांत बव्हंशी त्याच कंपन्या असतात. वायदे आणि ऑप्शन यांविषयी एवढेच सांगतो, की 2024 च्या सप्टेंबरात ‘सेबी’ने तीन वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यात 100 पैकी 93 व्यक्ती बुडाल्या होत्या, आणि बुडणाऱ्याचे सरासरी नुकसान दोन लाखांच्या घरात होते.

आता राहिला ट्रंकेतला प्रश्न. वडिलांच्या माघारी जुन्या कागदांत शेअरांची सर्टिफिकिटे सापडतात. ती रद्दी समजून टाकू नयेत. कंपनीचे नाव बदलले असेल, ती दुसरीत विलीन झाली असेल, बोनस मिळून पन्नासाचे पाचशे झाले असतील. 1 एप्रिल 2019 पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत, पण वारसाच्या नावावर चढवून डीमॅट करता येतात. सलग सात वर्षे लाभांश कोणी घेतला नसेल, तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. तेही बुडत नाहीत. वारसाला अर्ज करून परत मागता येतात. मात्र कागदपत्रे जमवताना चपला झिजतात.

हे हेलपाटे मुलांना पडू नयेत म्हणून लोक डीमॅट खात्यावर नॉमिनी लावतात आणि निश्चिंत होतात. परंतु नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसाहक्काचा कायदाच चालेल, असे सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2023 रोजी सांगितले आहे. शेअर अमक्या मुलीलाच मिळावेत अशी इच्छा असेल तर मृत्युपत्रच करावे लागते. ते साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी होते. त्याला स्टँपपेपरही लागत नाही.