बाबारावांचा दिवस

पहाटे पाच. पोर्ट ब्लेअरला सूर्य आमच्या विंचूरपेक्षा सव्वा तास आधी उगवतो. निफाड-विंचूरच्या मळ्यांत मोटेला बैल जुंपायच्या आत तिकडे सेल्युलर जेलच्या कोठड्या खडखडत उघडत. हा दिवस १९११ च्या सुमाराचा आणि कैदी आपल्याच नाशिक जिल्ह्यातला: भगूरचे गणेश दामोदर सावरकर, म्हणजे बाबाराव. वय बत्तीसच्या आसपास. अपराध, कवितांचे छोटे पुस्तक छापल्याचा. त्यातून राजाविरुद्ध युद्धाची चिथावणी मिळते असे ठरले आणि ८ जून १९०९ रोजी नाशिकला जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मालमत्ताही जप्त.

कोठडी साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद. रात्रीसाठी एक मडके, तेही लघवीपुरते. संध्याकाळी दार बंद झाले की शौचाची सोय थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. या तुरुंगातली सर्वांत क्रूर गोष्ट मला हीच वाटते. माराच्या खुणा निदान दाखवता येतात. पोट आवळून काढलेल्या रात्रीविषयी माणूस घरच्यांशीही बोलत नाही.

सकाळी सहाच्या आत तांदळाची कांजी मिळे. करवंटीला दांडा बांधलेल्या पळीने मोजून वाढलेली. मग कामाची वाटणी. काहींना छिलका कुटायचा: वीस नारळांची सोडणे ठेचून, धुऊन त्यांचा काथ्या काढायचा. काहींना दोर वळायचा. आणि ज्यांची रग जिरवायची, त्यांना कोलू.

सहा ते दहा. कोलू म्हणजे तेलाचा घाणा. आपल्याकडे तो बैल ओढायचा; इथे दांड्याला माणूस. दिवसाकाठी तीस पौंड खोबरेल किंवा दहा पौंड मोहरीचे तेल निघालेच पाहिजे. बाबारावांना अर्धशिशीचा जुना त्रास होता. दुखऱ्या डोक्याने, घामाने निथळत, गोल गोल फिरायचे, आणि थांबले की वॉर्डरची शिवी. वॉर्डर, टिंडल, पेटी ऑफिसर, जमादार हे सगळे मूळचे कैदीच, चांगल्या वर्तणुकीवर बढती मिळालेले. कैद्याकडून कैद्याला छळायचे ही या व्यवस्थेची मेख. त्यामुळे मूठभर गोऱ्या अधिकाऱ्यांना एवढा तुरुंग चालवता येई.

दहाला जेवण: भात, पोळी, डाळ, आणि भाजी म्हणून बहुधा अळवाच्या जातीचा कसलातरी पाला. बसायचे रांगेत, उठायचे हुकमावर. शेजाऱ्याशी बोलणे हा गुन्हा. शिक्षा ठरलेल्या: हात वर बांधून तासन्‌तास उभे करणारी खडी हातकडी, पायांत दंडाबेडी, नुसत्या कांजीवर ठेवणे.

या वेळेला जेलर बारी फेरीला येई. डेव्हिड बारी जातीचा आयरिश, आणि राजबंद्यांपुढे तो ते मुद्दाम सांगेही. ही गोष्ट मला फार छळते. कारण ज्या साम्राज्याची चाकरी तो करत होता, त्याने त्याच्याच देशबांधवांना पाऊण शतकाहून अधिक काळ जहाजात कोंबून ऑस्ट्रेलियाला धाडले होते. १८६७ मध्ये निघालेल्या ‘हूगमाँट’ या कैद्यांच्या शेवटच्या जहाजावर बासष्ट फेनियन, म्हणजे आयर्लंडचे क्रांतिकारक होते. जानेवारी १८६८ मध्ये ते फ्रीमँटलला उतरले. प्रवासात त्यांनी हाताने लिहून एक वृत्तपत्रही काढले. पुढे त्यांच्यापैकी सहाजण १८७६ मध्ये अमेरिकेच्या एका देवमासे मारणाऱ्या जहाजातून पळाले. अशा माणसांच्या देशातला बारी अंदमानात स्वतःला तुरुंगाचा परमेश्वर समजत होता.

बारा ते साडेचार पुन्हा कोलू. याविषयी जास्त काय लिहावे? सकाळचेच काम, फक्त अंगात सकाळचे बळ नसे.

साडेचारनंतर तेल मोजायचे. जमादाराच्या मापात कमी भरले की मार, शिक्षा, किंवा जेवणानंतर पुन्हा जुंपणे. २९ एप्रिल १९१२ रोजी इंदुभूषण रॉय या बंगाली राजबंद्याने याच जाचाला कंटाळून कोठडीत गळफास घेतला. त्याच वर्षी उल्हासकर दत्त या आणखी एका राजबंद्याच्या मनाचा तोल गेला. बाबाराव तगले, पण क्षयाचा विकार पुढे जन्मभर पुरला.

सहाला कोठडी बंद. दिवा नाही. फेनियनांनी जहाजावर वृत्तपत्र काढले. इथे कागदाचा तुकडा सापडला तरी शिक्षा. घरी पत्र वर्षातून एक. पण रात्री भिंतींना कंठ फुटत असे. बेड्या आणि भिंत ठोकून अक्षरे पोचवायची एक खूणभाषा राजबंद्यांनी बसवली होती. धाकटे भाऊ विनायकराव ४ जुलै १९११ ला याच तुरुंगात आले, तरी दोघांना मोकळेपणी भेटू दिले जात नसे. एका छपराखाली सख्खे भाऊ, आणि ख्यालीखुशाली चोरून.

नाशिकला बाबारावांच्या पत्नी येसूबाई वाट पाहत होत्या. भेटीची परवानगी मिळायच्या आधीच, १९१९ मध्ये, त्या वारल्या.

मे १९२१ मध्ये दोघा भावांना भारतात परत आणले. बाबाराव १९२२ मध्ये साबरमतीच्या तुरुंगातून सुटले आणि १६ मार्च १९४५ रोजी सांगलीत वारले.

आपल्या भागातून हल्ली कितीतरी लोक अंदमानला सहलीला जातात आणि विनायकरावांची कोठडी पाहून परततात. ती पाहाच. पण तिथे ठेवलेल्या कोलूपाशीही थांबा, दांड्याची उंची पाहा आणि सोबतच्या मुलांना बाबारावांचे नाव सांगा. नाशिक जिल्ह्यातही ते आज फार थोड्यांना ठाऊक आहे.