वाढत्या अंगाची नको, बॉस!

शाळेचा युनिफॉर्म, पावसाळी बूट, पहिली सायकल... आपल्या मिडलक्लास घरात मुलांसाठी सगळं 'वाढत्या अंगाचं' घ्यायचा रिवाज आहे. दोन साइज मोठं घ्या, पोरगं त्यात मावेल हळूहळू! शर्टापुरतं हे ठीक आहे. पण हाच फंडा मुलांच्या डर्ट बाइकला लावलात, तर प्रकरण हाडावर बेतू शकतं.

हसू नका. ऑफिसच्या लंच टेबलवर हल्ली हा विषय निघतो. २८ जानेवारी २०२४ ला बालेवाडीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली रेस झाली आणि हवेत उडणाऱ्या बाइक्स पुण्याच्या पब्लिकनं समोर पाहिल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केटीएमनं मुलांची ५० एसएक्स भारतात आणली, किंमत पावणेपाच लाख! मग डिसेंबर २०२५ मध्ये हिरोच्या विडानं चार ते दहा वर्षांच्या मुलांसाठी इलेक्ट्रिक 'डर्ट.ई के३' आणली, लाँचच्या वेळी ६९,९९० रुपयांना. म्हणजे शौक आता फक्त फार्महाउसवाल्यांचा राहिला नाही.

मढचं वावर, दोन गाड्या

ताईच्या सासरचं वावर मढला आहे. आळेफाटा, ओतूर मागे टाकून माळशेजकडे निघालं की पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी दिसायला लागतं, तोच हा भाग. भातकापणी झाल्यावर खाचरं मोकळी असतात. तिथे भाऊजींच्या मित्रानं आपल्या मुलांच्या दोन बाइक्स आणल्या, एक छोटी आणि एक तिच्याहून मोठी. माझा सहा वर्षांचा भाचा अर्थातच मोठीकडे धावला.

"एवढ्याशा पोराला कशाला फटफटी?" ताईच्या सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या. "मावशी, तू सांग ना आजीला!" भाच्यानं मला मध्ये ओढलं.

मोठीवर तो जेमतेम चवड्यांवर उभा होता. चालताना ठीक, पण थांबायची वेळ आली की एक पाय शोधाशोध करायचा आणि गाडी कलायची. दोनदा आडवा झाला. हेल्मेट, गुडघ्याचे पॅड सगळं होतं म्हणून निभावलं. छोटीवर बसवला, दोन्ही तळवे जमिनीला टेकले आणि चेहराच बदलला. तोच मुलगा, तेच वावर, पण खांदे सैल पडले. थांबता येतं हे कळलं, की चालवायची भीती जाते.

उंची आणि वजन

या क्लासमधली क्लासिक म्हणजे यामाहाची पीडब्ल्यू ५०. १९८०च्या दशकापासून जगभरची पोरं हिच्यावर शिकतात. सीटची उंची ४७५ मिलिमीटर, म्हणजे दीड फुटाच्या जरा वर. वजन साधारण ४१ किलो. आता पाच वर्षांचं मूल असतं सुमारे १८ किलोचं. गाडी त्याच्या दुपटीहून जड! कलली तर सावरणार कशी? म्हणून जितकी हलकी, तितकी बरी. विडाची इलेक्ट्रिक २२ किलोची आहे, आणि मूल वाढेल तशी तिची उंची तीन टप्प्यांत वाढवता येते. 'वाढत्या अंगाचं' घ्यायचंच असेल तर ते असं!

एक गंमत मात्र लक्षात घ्या. बुटकी गाडी म्हणजे स्थिर गाडी, हे अर्धंच खरं. तळहातावर पेन्सिल उभी करून बघा आणि मग झाडू. झाडू सावरणं सोपं, कारण उंच वस्तू सावकाश कलते. मग मुलांना बुटकी गाडी का? कारण त्यांचा पहिला बॅलन्स चाकांवर नसतो, पायांवर असतो.

पडताना वळणारं हँडल

फिरत्या चाकांमुळे गाडी उभी राहते, असं आपण शाळेपासून ऐकतो. २०११ मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांच्या संशोधकांनी एक सायकल बनवून तिच्यातला हा परिणाम पूर्ण रद्द केला, तरी पठ्ठी स्वतःच्या बळावर तोल सांभाळत धावली! खरी युक्ती अशी की गाडी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल वळतं आणि चाकं पुन्हा भाराखाली येतात.

यात 'ट्रेल'चा मोठा हात असतो. हँडलच्या दांड्याची रेघ जमिनीपर्यंत वाढवा. टायर टेकतो ती जागा या रेघेच्या थोडी मागे असते, ते अंतर म्हणजे ट्रेल. मॉलमधल्या ट्रॉलीचं चाक आपोआप सरळ होतं, तसंच हे. ट्रेल जास्त तर गाडी सरळ धावते पण हँडल जड. कमी तर हँडल चपळ पण बावचळणारं.

दोन चाकांमधलं अंतरही तसंच. पीडब्ल्यू ५० मध्ये ते ८५५ मिलिमीटर आहे. छोट्या वावरात गर्रकन वळता येतं, पण एकदम थ्रॉटल पिळलं तर पुढचं चाक उचलायला वेळ लागत नाही. म्हणूनच तिच्यात थ्रॉटल मर्यादित ठेवणारा स्क्रू असतो. सुरुवातीला तो आवळलेलाच बरा. चाकंही छोटी, त्यामुळे मोठी बाइक सहज पार करते त्या ढेकळात ही अडकते. शिकायला सपाट जागा हवी ती याचसाठी.

सस्पेन्शनचं गणित सोपं. मूल बसल्यावर गाडी थोडी दबली पाहिजे. नाही दबली तर स्प्रिंग त्याच्या वजनाला कडक आहे. प्रत्येक दगडावर टायर उडणार, आणि हवेतल्या टायरला ना ब्रेक लागतो ना वळण.

आजीचा मुद्दा

सासूबाई चुकीच्या नव्हत्या. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनं २००० मध्येच १६ वर्षांखालच्या मुलांनी अशी ऑफरोड वाहनं चालवूच नयेत, असं म्हटलं होतं. कारण बाइक कितीही शहाणी असली, तरी निर्णय मूल घेतं. ज्यांना ही रिस्क नको, त्यांच्यासाठी बिनपेडलची बॅलन्स बाइक झिंदाबाद. कार्ल ड्राइसची १८१७ मधली पहिली दुचाकी अशीच पायानं ढकलायची होती, आणि बॅलन्सचा नव्वद टक्के धडा तिथेच होतो, असं माझं मत.

आणि गावचा रस्ता? अजिबात नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं सार्वजनिक रस्त्यावर गुन्हा केला तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय जुन्नर हा बिबट्यांचा तालुका. अंधार पडायच्या आत गाडी घरात!

घेण्याआधी चेक करा

- दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतात?
- ब्रेकच्या लिव्हरपर्यंत बोटं सहज पोचतात? (मोजे घालून बघा.)
- क्लच नसलेली, ऑटोमॅटिक आहे?
- थ्रॉटल किंवा स्पीड मर्यादित करता येतो?
- मूल बसल्यावर सस्पेन्शन दबतं?
- मॅन्युअलमधली वजनाची मर्यादा पाळली जाते?
- फुलफेस हेल्मेट, ग्लोव्ह्ज, बूट, गुडघा-कोपराचे पॅड बजेटमध्ये आहेत?

एकाचंही उत्तर 'नाही' असेल, तर थांबा. युनिफॉर्म सैल झाला तर पिन लावता येते, बाइकला नाही!