वेणुग्राम ते देवगिरी : छोट्या राज्यांचे एकीकरण



आम्ही होमिओपॅथीवाले पूर्वेतिहास विचारल्याशिवाय औषधाची पुडी बांधत नाही. आजोबांना काय होते, इथपर्यंत जातो. आपल्या बेळगाव-निपाणी भागाचीही विचारपूस तशीच करायला हवी. सीमाप्रश्न म्हटला की आपण १ नोव्हेंबर १९५६ पासून सुरुवात करतो. आज त्याच्याही साडेसातशे वर्षे मागे जाऊ.

इसवी सन १२०० च्या सुमारास या टापूत तीन घराणी शेजारी नांदत होती. वेणुग्राम म्हणजे बेळगावात रट्ट, कोल्हापूर-पन्हाळ्याला शिलाहार आणि गोवा-हळशीकडे कदंब. तिन्ही घराणी पूर्वी कल्याणीच्या चालुक्यांची मांडलिक. ती सत्ता ढासळली तसे प्रत्येकाने वेगळे बिऱ्हाड मांडले. रट्टांचे जुने ठाणे सौंदत्ती. बेळगाव त्यांनी कदंबांकडून घेतले. १२०४ मध्ये कार्तवीर्य चौथा आणि त्याचा भाऊ मल्लिकार्जुन राज्य करीत असताना मंत्री बीचण याने येथे रट्ट-जिनालय बांधले. किल्ल्यातली कमल बसदी ती हीच.

पुढे देवगिरीचा यादव राजा सिंघण दक्षिणेकडे सरकला. १२१२ च्या सुमारास त्याने शिलाहार भोज दुसरा याचा पाडाव केला. लगेच खिद्रापूरच्या कोपेश्वराला त्याने गाव दान दिले. राजा बदलला, देव तोच राहिला. रट्टांचा लक्ष्मीदेव १२२८ मध्ये गादीवर होता. १२३८ च्या हरळहळ्ळी लेखात मात्र सिंघणाच्या सेनापतीने रट्टांना जिंकल्याची नोंद आहे. या सेनापतीचेही नाव बीचणच. दोघांत गल्लत करू नये. गोव्याच्या कदंबांनी मार खाल्ला, पण त्यांची गादी टिकली.

इंग्लंडातही असेच घडले होते. वेसेक्सच्या आल्फ्रेडने ८७८ मध्ये डेन लोकांना हरवले, पण हाकलले नाही; सरहद्द ठरवून शेजारी राहू दिले. त्याचा नातू अ‍ॅथेलस्टन याने ९२७ मध्ये यॉर्क घेतले. वेल्सचा हवेल त्याला मान देऊन आपल्या गादीवर राहिला, आपल्या कदंबांसारखा. डेन लोकांना पुढे त्यांचे कायदे पाळू दिले गेले आणि त्यांचे कितीतरी शब्द इंग्रजीत मुरले.

आता आपल्या घरात पाहा. अण्णा, अक्का, ताटातले तूप हे शब्द कन्नडशी नाते सांगणारे. यादवांचे लेख संस्कृत, कन्नड आणि मराठी, तिन्ही भाषांत आहेत. एका राजाला तीन भाषा जड झाल्या नाहीत.

कमल बसदीचा १२०४ चा शिलालेख कन्नडात आहे आणि आज तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मी जैन, घरची भाषा मराठी. तो लेख कन्नड म्हणून माझा नाही, असे मला म्हणता येत नाही. मराठी शाळा, मराठीतला कागद यांची आपली मागणी न्याय्य आहे आणि ती सोडण्याचे कारण नाही. पण तिच्यासाठी इतिहासाचा अर्धा भाग पुसावा लागत नाही. पूर्वेतिहासातली अडचणीची गोष्ट लपवली तर औषध चुकते.

नातवंडांना घेऊन एकदा बसदीत जा. छतातले दगडी कमळ दाखवा आणि हे सारे आपलेच आहे, असे सांगा.